देवाच्या घरचा कारभारी : जॉन वेस्ली

नाताळ आला की वसई-मुंबईच्या आळ्यांतून आणि गोमंतकातील वाड्यांतून घराघरांवर कागदी चांदण्या झळकू लागतात. ज्यांना ख्रिस्ती शेजार लाभला आहे अशा आमच्या वाचकांच्या घरी त्या दिवशी कुलकुलांचे आणि केकचे ताट येते, आणि दिवाळीत गेलेल्या फराळाची फेड अशी गोडीने होते. सणाचे हे रूप आपल्या परिचयाचे आहे. परंतु या धर्माच्या शिकवणुकीचे एक अंग असे आहे की, ते सणाच्या दिवशी दिसत नाही. ते दिसते घरखर्चाच्या वहीत. माणसाच्या हाती जे धन, जी शक्ती, जो वेळ येतो त्याचा तो मालक नसून केवळ कारभारी आहे. मालक परमेश्वर आहे, आणि एक दिवस त्याच्यापुढे वही उघडून दाखवावी लागणार आहे, असा तो विचार होय. कारभारी हा शब्द आम्ही पदरचा घातलेला नाही. मराठी बायबलातच तो योजलेला आहे. आणि ज्या भूमीत पेशव्यांचे कारभारी होऊन गेले, तेथील माणसास त्याचा अर्थ समजावून देण्याचे कारण नाही. दौलत धन्याची, शिक्का धन्याचा. कारभाऱ्याने ती राखावयाची, वाढवावयाची आणि धन्याच्या इच्छेप्रमाणे खर्च करावयाची, एवढाच त्याचा अधिकार.

विचार म्हणून हे ऐकावयास सोपे वाटते. पहिल्या तारखेस पगार हाती आला, वाण्याचे, दूधवाल्याचे देणे भागले आणि चार रुपये शिल्लक उरले, की त्या चार रुपयांविषयी तो आचरणात आणणे किती अवघड आहे, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील एका पुरुषाने तो साठ वर्षांहून अधिक काळ, पै-पैचा हिशेब ठेवून, आचरून दाखविला. जॉन वेस्ली हे त्यांचे नाव. मेथडिस्ट म्हणून जो ख्रिस्ती पंथ आज जगभर आणि आपल्या मुंबईतही आहे, त्याचे ते आद्य प्रवर्तक. त्यांच्या धर्ममतांची चर्चा येथे आम्हास करावयाची नाही. त्यांच्या वहीची ओळख तेवढी करून द्यावयाची आहे.

लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या खेड्यात १७०३ च्या जून महिन्यात वेस्ली यांचा जन्म झाला. वडील सॅम्युएल हे तेथील चर्चचे धर्माधिकारी, विद्वान आणि कवी, पण व्यवहारात कच्चे. आई सुझॅना हिने एकोणीस मुलांना जन्म दिला. त्यांपैकी जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. जॉन हे पंधरावे अपत्य. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची, तेव्हा कर्ज हे त्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकासारखे कायमचे मुक्कामास होते. १७०५ साली तीस पौंडांहूनही कमी रकमेच्या देण्यापायी सॅम्युएल यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले. त्या वेळी जॉन अवघे दोन वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर वेस्ली यांनी पैशाकडे कधी तुच्छतेने पाहिले नाही, याचे मूळ आम्हास या घरात दिसते. ज्याने घरात सावकाराचा तगादा पाहिला आहे, तो पैशाला माती म्हणत नाही.

१७०९ च्या फेब्रुवारीत एका रात्री हे घर जळाले. सगळे बाहेर पडले, आणि मोजदाद करता पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर राहिल्याचे ध्यानात आले. जिना पेटलेला होता. मूल खिडकीपाशी दिसले. शिडी आणण्यास अवकाश नव्हता. तेव्हा एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने मुलाला बाहेर ओढून घेतले. त्यानंतर छप्पर कोसळले. या मुलाला देवाने काही कार्यासाठी राखले आहे, अशी सुझॅनाची दृढ श्रद्धा झाली, आणि हे आयुष्य आपले स्वतःचे नाही ही भावना मुलाच्या मनात कायमची रुजली. पैशाच्या कारभाराची गोष्ट पुढची. पहिली ठेव म्हणजे हा वाचलेला जीवच होता.

लंडनच्या चार्टरहाउस शाळेतून १७२० साली ते ऑक्सफर्डला गेले. १७२५ मध्ये त्यांना धर्मसेवेची पहिली दीक्षा मिळाली आणि १७२६ मध्ये लिंकन कॉलेजचे ते फेलो झाले. प्रथमच नियमित मिळकत हाती आली. धाकटे बंधू चार्ल्स आणि काही समविचारी तरुण यांच्यासह त्यांनी एक मंडळी जमविली. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपवास, ठरलेले वाचन, असा या मंडळींचा क्रम होता. इतर विद्यार्थी त्यांची टिंगल करीत, त्यांना पद्धतवाले म्हणत, आणि मेथडिस्ट हे नाव त्या टिंगलीतूनच चिकटले. ही मंडळी ऑक्सफर्डच्या तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत, किरकोळ देण्यापायी अडकलेल्यांची देणी फेडून त्यांना सोडवीत, आणि गरिबांच्या मुलांसाठी एक शाळा चालवीत. बाप ज्या कारणाने तुरुंगात गेला त्याच कारणाने अडकलेल्यांना मुलगा सोडवीत होता, हे सांगितल्यावाचून आम्हास पुढे जाववत नाही.

याच दिवसांतील एक प्रसंग वेस्ली यांनी म्हातारपणी आपल्या एका प्रवचनात सांगितला आहे. कडाक्याच्या थंडीचा दिवस होता. त्यांच्या शाळेतील एक मुलगी त्यांना भेटावयास आली. अंगावर पातळ तागी झग्याखेरीज काही नव्हते. पांघरावयास दुसरे काही नाही का, असे त्यांनी विचारले. तिने नाही म्हणून सांगितले. वेस्ली यांनी खिशात हात घातला, तो खिसा जवळजवळ रिकामा. हाती होते ते नुकतेच खर्चून टाकलेले. त्यांची दृष्टी आपल्या खोलीच्या भिंतींकडे वळली, ज्या त्यांनी हौसेने सजविल्या होत्या. ज्या पैशाने या मुलीचे अंग झाकले असते तो आपण भिंतींना नेसविला, हे शल्य त्यांना त्या क्षणी टोचले, आणि धनी आपल्याला चांगला व विश्वासू कारभारी म्हणेल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. भिंती सजविणे हे काही पाप नव्हे. चोरी नव्हे, जुगार नव्हे. सुसंस्कृत गृहस्थाने आपली खोली नीटनेटकी ठेवली, एवढेच. परंतु खर्चाच्या वहीत भिंतीची बाब आणि त्या मुलीच्या कपड्याची बाब समोरासमोर आल्या की निवाडा करावा लागतो, आणि तो निवाडा वेस्ली यांनी स्वतःविरुद्ध दिला.

त्यानंतरच्या काळाचा एक हिशेब त्यांनी नोंदवून ठेवला आहे. ऑक्सफर्डच्या मंडळीतील एका तरुणाचा म्हणून तो ते सांगतात. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्ली असे बहुतेक चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत त्याने वर्ष काढले आणि २ पौंड गरिबांना दिले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली. त्याने पुन्हा २८ पौंडांतच वर्ष काढले आणि ३२ पौंड दिले. तिसऱ्या वर्षी ९० पौंड आले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० आले, ९२ दिले. मिळकत चौपट झाली, आणि खर्चाचा आकडा जागचा हलला नाही. आपल्याकडे पगारवाढ झाली की प्रथम घरातील गरजांची यादी वाढते, आणि दोन महिन्यांत ती वाढ कोठे गेली याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे हा हिशेब वाचताना आम्हास काही काळ संकोचच वाटला, हे कबूल करतो.

काटकसर करावयाची तर ती किती बारीक करावी? त्या काळी सभ्य गृहस्थ केसांचे टोप घालीत आणि ते नीट राखण्यास कारागिरास पैसे देत. वेस्ली यांनी स्वतःचे केस वाढवून ते तसेच मोकळे ठेवले, कारण त्यात वर्षाकाठी दोन-तीन पौंड वाचत. आईस हे रूप पसंत नव्हते. वेळेचीही तीच कथा. रोज मध्यरात्री जाग येते, याचा अर्थ आपण गरजेपेक्षा अधिक वेळ अंथरुणात पडून राहतो, असे अनुमान त्यांनी काढले; गजराचे घड्याळ आणले; पहिल्या दिवशी सातास उठले, मग सहास, मग पाचास, मग चारास; आणि चारास उठल्यावर रात्रीची जाग थांबली. पुढे साठ वर्षे ते पहाटे चारलाच उठत राहिले. घोड्यावर बसून गावोगाव फिरताना लगाम सैल सोडून ते पुस्तक वाचीत, म्हणजे वाटेचा वेळही वहीत जमेस पडे.

१७३५ साली ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत धर्मसेवेसाठी गेले आणि १७३८ च्या आरंभी निराश होऊन परतले. त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका बैठकीत त्यांना तो अंतरीचा अनुभव आला, ज्यास त्यांचे अनुयायी त्यांचा नवा जन्म मानतात. पुढील वर्षी, १७३९ च्या एप्रिलात, ब्रिस्टल येथे ते प्रथमच चर्चच्या भिंती सोडून उघड्यावर बोलावयास उभे राहिले. स्वतःस हे मुळीच रुचत नव्हते. शिस्तीच्या माणसास मैदानातील प्रवचन अशिष्ट वाटत होते. परंतु किंग्जवुडच्या खाणीतील कोळसा काढणारे मजूर चर्चमध्ये येत नव्हते, तेव्हा चर्चने मजुरांकडे जाणे प्राप्त होते. येथून त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले. सुमारे अडीच लाख मैलांचा प्रवास आणि चाळीस हजार प्रवचने असे त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे माप काढले जाते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या प्रवचनांहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी बसविलेली व्यवस्था. ब्रिस्टलच्या सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज अंगावर होते. १७४२ च्या फेब्रुवारीत ते फेडण्याचा विचार चालला असता एकाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही देणे शक्य नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा सुचविणाऱ्यानेच उत्तर काढले: अकरा गरीब माणसे माझ्याकडे सोपवा, मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, ज्यास देता येईल त्याची पेनी घेईन, ज्यास येणार नाही त्याची मी भरीन. इतरांनीही तशाच जबाबदाऱ्या घेतल्या. पेनी गोळा करावयास जाता जाता घरातील आजार, भांडणे, बेकारी दृष्टीस पडू लागली, आणि कर्जफेडीच्या युक्तीतून बारा-बारा माणसांचे गट उभे राहिले, जे पुढे मेथडिस्ट पंथाचा कणा ठरले.

लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक पडका कारखाना घेऊन त्यांनी तेथे आपले केंद्र थाटले. एकाच छपराखाली प्रार्थना, शाळा, दवाखाना आणि निराधार वृद्धांचा आश्रय. १७४० च्या हिवाळ्यात बेकारी वाढली तेव्हा अगदी गरीब अशा बारा जणांना त्यांनी प्रार्थनेच्या दालनात बसवून चार महिने कापूस पिंजण्याचे व सूत कातण्याचे काम दिले. म्हाताऱ्या विधवांसाठी दोन लहान घरे घेतली, आणि स्वतः वेस्ली व त्यांचे सहकारी त्या विधवांच्याच टेबलावर, त्यांच्याच पुढचे अन्न खात. १७४६ च्या अखेरीस दवाखाना सुरू झाला. एक औषधे देणारा आणि एक शस्त्रवैद्य हाताशी घेतला. पहिल्या पाच महिन्यांत पाचशेहून अधिक माणसांना औषधे दिली गेली. घरगुती उपचारांचे एक पुस्तकही त्यांनी १७४७ साली काढले. त्यातील काही उपाय आज वाचताना हसू येते. परंतु वैद्याची फी ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या हाती त्या काळी दुसरे काय होते?

सर्वांत डोळस काम होते ते कर्जफंडाचे. गरिबास भीक देण्यापेक्षा हातभर भांडवल दिले तर तो उभा राहतो, हे त्यांनी ओळखले. १७४६ साली मित्रांकडे फिरून ३० पौंड १६ शिलिंग जमविले. एका वेळी २० शिलिंग, म्हणजे एक पौंड, द्यावयाचा आणि तीन महिन्यांच्या आत आठवड्याच्या हप्त्यांनी परत घ्यावयाचा, असा नियम होता. अठरा महिन्यांत त्या तीस पौंडांतून २५५ माणसांची नड भागली. तेच पैसे फिरून फिरून येत होते. पुढे ही मर्यादा पाच पौंडांवर गेली. लॅकिंग्टन नावाच्या एका तरुण चांभाराने या फंडातून पाच पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचे दुकान वाढविले, आणि तो लंडनमधील एक बडा पुस्तकविक्रेता झाला. श्रीमंत झाल्यावर त्याने आपल्या आत्मचरित्रात मेथडिस्टांची भरपूर थट्टा केली. उतारवयात त्याबद्दल पश्चात्तापही केला. कर्ज मात्र फंडास उपकार करावयास लावणारे नव्हते, उभे करणारे होते, एवढे या गमतीदार प्रकरणावरून दिसते.

हे पैसे सांभाळणाऱ्यांना त्यांच्या मंडळीत अधिकृत नावच कारभारी असे होते. १७४७ च्या जूनमध्ये लंडनच्या सात कारभाऱ्यांसाठी वेस्ली यांनी नियम लिहून दिले. हिशेब लांबवू नयेत. देणे त्याच आठवड्यात चुकते करावे. उगाच खर्च करू नये. येथवर कोणत्याही पेढीचे नियम असेच असतील. पुढे मात्र ते सांगतात की, गरिबास मदत करता आली नाही तर निदान त्याचे मन दुखवू नये. काही नाही तर गोड शब्द द्यावा. तिरकस नजर आणि कठोर बोल टाळावे. रिकाम्या हाताने परतावे लागले तरी येथे आलो याचा त्याला आनंद वाटावा. आणि आपण त्याच्या जागी असतो तर कसे वागविलेले आवडले असते, हे ध्यानी धरावे. दारावर आलेल्यास रिकामे परतविण्याची वेळ प्रत्येक घरावर येते. ते कसे परतवावे याचा विचार किती जण करतात?

त्याच १७४६ साली त्यांनी चहा सोडला. सव्वीस वर्षांची सवय होती. सकाळी हात कापतो, तो चहामुळे, असे त्यांना वाटू लागले. शिवाय लंडनच्या मंडळीतील गरिबांचा किती पैसा त्यात जातो हे त्यांनी मोजून पाहिले. इतरांना सोडा म्हणून सांगण्यापूर्वी स्वतः सोडणे भाग होते. पहिले तीन दिवस डोके सारखे दुखत राहिले. सहकाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांचे अनुकरण केले आणि वाचलेला पैसा गरिबांकडे वळविला. काही वर्षांनी वैद्याच्या सल्ल्यावरून ते पुन्हा चहा घेऊ लागले, हेही सांगितले पाहिजे. चहा सोडण्यास त्यांनी व्रताचे रूप दिले नव्हते. तो हिशेबाचा भाग होता, आणि हिशेब बदलता येतो.

१७६० साली पैशाच्या विनियोगावरील त्यांचे प्रवचन छापून प्रसिद्ध झाले. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एका लबाड कारभाऱ्याची कथा आहे. धन्याची मालमत्ता उधळल्याचा आरोप येऊन कारभार जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने धन्याच्या ऋणकोंची कर्जे कमी करून देऊन त्यांची मैत्री जोडून ठेवली. या विचित्र कथेवर वेस्ली यांनी तीन नियम उभे केले. जितके मिळविता येईल तितके मिळवावे, जितके वाचविता येईल तितके वाचवावे, आणि जितके देता येईल तितके द्यावे. पहिल्या नियमाने पुष्कळ भाविक चकित झाले असतील, कारण धर्मोपदेशकाच्या तोंडी पैसा मिळविण्याचा उपदेश कोणी अपेक्षीत नाही. तथापि त्या मिळविण्यास त्यांनी कुंपणे घातली. स्वतःचे आरोग्य जाईल असे काम नको. खोटेपणा करावा लागेल असा धंदा नको. शेजाऱ्याचे दुकान बुडावे म्हणून बाजारभावाखाली विक्री नको, जबर व्याज नको, आणि कडक दारूचा व्यापार तर नकोच, कारण त्या व्यापाऱ्याच्या बागेच्या आणि वाड्याच्या पायात त्यांना माणसांचे रक्त दिसत होते. दुसऱ्या नियमात त्यांनी जिभेचे चोचले आणि दिखाऊ सामान यांवरील खर्च तोडला. मुलांसाठीही नको तेवढे मागे ठेवू नये, असे सुचविले. तिसऱ्या नियमात क्रम लावला: आधी स्वतःच्या खऱ्या गरजा, मग घरच्यांच्या, मग धर्मबांधवांच्या, आणि त्यानंतर उरले तर सर्व मनुष्यमात्रांच्या. बायकामुलांना उपाशी ठेवून दानशूर म्हणवून घेण्यास या हिशेबात जागा नव्हती.

वेस्ली यांचा स्वतःचा संसार मात्र सुखाचा झाला नाही. १७५१ साली त्यांनी मेरी व्हॅझेल या सधन विधवेशी विवाह केला. तिचे धन त्यांनी स्वतःसाठी घेतले नाही. ते तिच्या आणि तिच्या मुलांच्या नावे राखले. पैशाच्या बाबतीत निर्मळ असलेला हा पुरुष वेळेच्या बाबतीत पत्नीस काही देऊ शकला नाही. वर्षातील बहुतेक दिवस प्रवासात. घरी पत्रांचा ढीग, ज्यांत कितीतरी पत्रे उपदेश मागणाऱ्या स्त्रियांची. मत्सर, भांडणे, आणि शेवटी वियोग. १७८१ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या दफनानंतरच त्यांना ती वार्ता कळली. चरित्रकारांनी बहुतेक सारा दोष तिच्या पदरी बांधला आहे. आम्हास तो निवाडा न्याय्य वाटत नाही. ज्याच्या प्रत्येक घटकेचा हिशेब देवाला द्यावयाचा होता, त्याच्या वहीत घरच्या माणसाच्या नावे घटका फारच थोड्या पडल्या होत्या.

पुस्तकांच्या विक्रीतून त्यांना अनपेक्षितपणे मोठी प्राप्ती होऊ लागली. स्वस्त, लहान पुस्तके गरिबांनी वाचावी म्हणून त्यांनी काढली आणि ती हजारोंनी खपली. आयुष्यभरात त्यांनी तीस हजार पौंडांच्या घरात दान केले असावे, असा अंदाज केला जातो. १७४३ सालीच त्यांनी एका पुस्तकातून जाहीर करून ठेवले होते की, कर्ज आणि पुस्तके वगळता मी मागे दहा पौंड ठेवून मेलो, तर मी चोर आणि दरोडेखोर म्हणून जगलो व मेलो अशी साक्ष साऱ्या जगाने द्यावी. १७७६ साली सरकारी जकात खात्याला शंका आली की, एवढ्या प्रसिद्ध माणसाकडे चांदीची भांडी असणारच, आणि ती कर चुकविण्यासाठी लपविली असतील. वेस्ली यांनी उत्तर पाठविले की, माझ्याकडे लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत, आणि भोवती इतक्या लोकांना भाकरी मिळत नसता मी आणखी घेणार नाही.

१७८५ च्या जानेवारीत ते ८१ वर्षांचे होते. त्या दिवसांत मंडळीतील गरिबांना कोळसा आणि पाव वाटण्याची रीत होती. यंदा कपडेही हवेत असे त्यांना वाटले. हाताशी पैसा नव्हता. तेव्हा पाच दिवस ते लंडनच्या रस्त्यांतून पायी हिंडले आणि दारोदार मागून २०० पौंड जमविले. रस्त्यावर वितळत्या बर्फाचा घोट्याएवढा चिखल होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्या गार पाण्यात भिजत राहिले. शनिवारी रात्री ते जुलाबाने आजारी पडले. ज्याने जन्मभर दिले, तोच म्हातारपणी झोळी घेऊन निघाला, कारण कारभाऱ्याची स्वतःची तिजोरी नसते.

याच काळात त्यांच्या मनाला एक गोष्ट पोखरू लागली. त्यांचे अनुयायी दारू सोडीत, वेळेवर उठत, मन लावून काम करीत, उधळपट्टी टाळीत. साहजिकच ते सधन होऊ लागले. १७८९-९० च्या त्यांच्या लेखनात हे दुःख वारंवार उमटले आहे. धर्मामुळे उद्योग आणि काटकसर येते, त्यांमुळे संपत्ती येते, आणि संपत्तीबरोबर गर्व व ऐषआराम येऊन धर्मच निघून जातो, हे चक्र त्यांना स्पष्ट दिसत होते. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी भांडवलशाहीच्या मुळांचा शोध घेताना वेस्लींच्या या निरीक्षणाचा आधार घेतला. मिळविण्याचा आणि वाचविण्याचा नियम लोकांनी उचलला होता. देण्याचा नियम पाळणारी माणसे, वेस्लींच्या मते, बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ज्या माणसाने हे रोप लावले, त्यालाच त्याचे कडू फळ डोळ्यांनी पाहावे लागले.

तिसरा नियम पाळणारा एक पुरुष पुढे आपल्या मुंबईत होऊन गेला, त्याचा उल्लेख येथे करणे आम्ही कर्तव्य समजतो. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन धर्मोपदेशक १८४८ साली मुंबईस आले. थोड्याच काळात मिशनचा पगार सोडून ते गोरगरिबांच्या वस्तीत एका लहान खोलीत राहू लागले आणि शिकवणीच्या तुटपुंज्या मिळकतीवर गुजराण करू लागले. बॉम्बे गार्डियन हे पत्र त्यांनी अनेक वर्षे चालविले. १८७० नंतरच्या वर्षांत मुंबईत मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली तेव्हा ते तिला मिळाले. १८८८ साली मृत्यू येईपर्यंतच्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. मुंबईतील बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावे आहे.

वेस्ली यांच्या जमाखर्चाच्या वहीत १७९० च्या जुलैची एक नोंद आहे. अक्षर थरथरलेले. इतकी वर्षे आपण हिशेब चोख ठेवला, आता पुढे ठेवणार नाही. जितके वाचविता येते तितके वाचवितो आणि जितके देता येते तितके, म्हणजे जवळ असेल ते सारे, देतो, एवढी खात्री आपल्याला पुरेशी आहे, अशा अर्थाचे काही शब्द त्यांनी लिहिले आणि वही मिटली. १७९१ च्या फेब्रुवारीत, मृत्यूपूर्वी आठवडाभर, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांना धीर देणारे पत्र लिहिले. त्या व्यापाराचा त्यांनी १७७४ मध्येच पुस्तिका काढून धिक्कार केला होता. देवाच्या मालकीची माणसे बाजारात विकण्याचा अधिकार कोणाही कारभाऱ्यास नव्हता. २ मार्च १७९१ रोजी लंडनच्या सिटी रोडवरील घरी, ८७ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते की, खिशात आणि मेजाच्या खणात जी नाणी सापडतील ती चार धर्मोपदेशकांना वाटून द्यावी. अंत्ययात्रेस घोड्यांची गाडी नको, मानचिन्हे नकोत, डामडौल नको. शव वाहण्यासाठी सहा गरीब माणसे लावावी आणि त्या प्रत्येकास वीस शिलिंग द्यावे. गर्दी होऊ नये म्हणून ९ मार्चच्या पहाटे, दिवे मालवण्यापूर्वीच, सिटी रोडच्या चर्चमागे त्यांचे दफन झाले. सहा जणांनी खांद्यावरचे ओझे उतरविले, आणि ठरल्याप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर एकेक पौंड पडला.